सुईच्या टोकावरचं विकर: पृष्ठभागाला खेटून रसायन मोजताना

पेशींचा एखादा थर ग्लुकोज किती वेगानं खेचून घेतोय हे पाहायचं असेल, तर वरच्या द्रावणाचा थेंबभर नमुना काढून तपासणं हा सगळ्यात सोपा मार्ग. आकडा मिळतो, पण तो सरासरीचा. पेशीच्या वाट्याला खरोखर काय येतं हे तिच्या अंगाला लागून असलेल्या शे-दोनशे मायक्रॉनच्या पाण्यात ठरतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढी ही जागा. नमुना काढायला पिपेट बुडवली, की नेमकं तिथलंच पाणी ढवळलं जातं.

दातांवरचं किटण, तळ्याच्या तळाचा गाळ, मेंदूचा पातळ काप, पाइपाच्या आत चिकटलेला जीवाणूंचा थर, सगळीकडे हाच प्रश्न येतो. त्यावरचा उपाय म्हणजे टोकाला विकर, म्हणजे एन्झाइम, चिकटवलेला बारीक इलेक्ट्रोड. तो पृष्ठभागाजवळ नेऊन जागच्या जागी मोजायचं. उपाय उत्तम आहे, फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. मीटरवर दिसणारी विद्युतधारा ही ‘ग्लुकोज किती’ या एकाच प्रश्नाचं उत्तर नसते. टोक पृष्ठभागापासून किती दूर आहे, तिथं ऑक्सिजन किती आहे आणि आसपास आणखी काय तरंगतंय, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं करणं हेच या तंत्रातलं खरं काम आहे.

आधी विसरणाचा, म्हणजे न ढवळता रेणू आपोआप पसरत जाण्याचा (डिफ्यूजनचा), हिशेब पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्थिर पाण्यात रेणूला एखादं अंतर कापायला लागणारा वेळ त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्यात ग्लुकोजचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ६७० चौरस मायक्रॉन आहे. त्यावरून १० मायक्रॉन जायला सेकंदाचा तेरावा-चौदावा भाग लागतो, १०० मायक्रॉनला सात-साडेसात सेकंद आणि एक मिलिमीटरला बारा मिनिटांहून थोडं जास्त. म्हणून पृष्ठभागाच्या अगदी जवळ संहतीचं, म्हणजे द्रावणात पदार्थ किती दाट आहे याचं, चित्र क्षणाक्षणाला बदलू शकतं, आणि दूर ते मिनिटांच्या हिशेबात उशिरा, पुसट होऊन पोचतं. खरं चित्र हवं असेल तर टोक लहान हवं आणि ते जवळ न्यायला हवं.

विकर-इलेक्ट्रोड काम कसं करतो

कल्पना जुनी आहे. लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड मांडला. १९६२ मध्ये त्यांनी आणि लायन्स यांनी त्याच्या तोंडाशी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर पातळ पटलामागे अडकवून ठेवण्याची युक्ती सुचवली. हे विकर ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन करतं आणि त्या भरात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ऑक्सिजन किती कमी झाला हे मोजता येतं, किंवा पेरॉक्साइड किती तयार झालं हे मोजता येतं. सूक्ष्म इलेक्ट्रोडमध्ये बहुधा दुसरा मार्ग घेतात. प्लॅटिनमला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत अधिक ०.६ ते ०.७ व्होल्ट दिले, की पेरॉक्साइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि दर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन तारेत येतात. तीच आपली विद्युतधारा.

विकर बदललं की मोजायचा पदार्थ बदलतो. लॅक्टेट ऑक्सिडेज, ग्लुटामेट ऑक्सिडेज, कोलीन ऑक्सिडेज ही सगळी शेवटी पेरॉक्साइडच देतात, त्यामुळे आतला प्लॅटिनम तोच राहतो. एटीपीसाठी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा वाहणाऱ्या रेणूसाठी, वेगळी चाल आहे. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या जोडीला हेक्सोकायनेज ठेवायचं आणि द्रावणात ठरावीक ग्लुकोज व मॅग्नेशियम ठेवायचं. एटीपी आलं की हेक्सोकायनेज ग्लुकोजचा काही वाटा पळवतं, ऑक्सिडेजला कमी मिळतो आणि धारा उतरते. इथं सिग्नल घसरणीतून वाचायचा असतो.

इलेक्ट्रोड इतका बारीक ठेवण्याची कारणं दोन. एक, टोक जवळ जाऊ शकतं. दुसरं, लहान चकतीकडे, म्हणजे काचेत बसवलेल्या तारेच्या उघड्या टोकाकडे, रेणू सगळ्या बाजूंनी येतात, त्यामुळे धारा काही क्षणांतच स्थिर होते, मोठ्या पत्र्यासारखी घसरत राहत नाही. नुसत्या, म्हणजे विकर न लावलेल्या चकतीची स्थिर धारा काढायला सोपं सूत्र आहे: चार गुणिले इलेक्ट्रॉनांची संख्या, फॅरेडेचा स्थिरांक, विसरण गुणांक, संहती आणि चकतीची त्रिज्या. २५ मायक्रॉन व्यासाची तार, एक मिलीमोलर फेरोसीन मेथॅनॉल (इलेक्ट्रोडला सहज इलेक्ट्रॉन देणारं, चाचणीसाठी वापरायचं रसायन) आणि सेकंदाला ७०० चौरस मायक्रॉन विसरण गुणांक धरला, तर उत्तर सुमारे ३.४ नॅनोअँपिअर येतं. हा आकडा पाठ असावा. नवा इलेक्ट्रोड बरोबर बनलाय की नाही, हे तोच सांगतो.

टोक बनवणं

२५ मायक्रॉनची प्लॅटिनमची तार बोरोसिलिकेट काचेच्या बारीक नळीत घालतात, नळीतली हवा ओढून घेतात आणि तापलेल्या तारेच्या वेटोळ्यात काच वितळवून तारेभोवती बसवतात. हवा नीट निघाली नाही तर तारेला खेटून बुडबुडे राहतात. ते पुढं घासताना उघडे पडतात आणि त्यांत द्रावण शिरतं. मागच्या बाजूला चांदीच्या इपॉक्सीनं तांब्याची तार जोडायची. मग टोक आधी ६०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर, पुढं १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिना पावडरीवर घासायचं. शेवटी कडेची काच तिरकी घासून टोक निमुळतं करायचं.

कडेला किती काच ठेवायची, याला महत्त्व आहे. काचेची त्रिज्या तारेच्या त्रिज्येच्या दहापट ठेवली तर टोक २५० मायक्रॉन रुंद होतं. असं टोक पाच अंशांनी जरी कललं, तरी त्याची एक कड मध्यापेक्षा ११ मायक्रॉन खाली जाते. मग कड आधी टेकते आणि तार ११ मायक्रॉनच्या आत जाऊच शकत नाही. शिवाय रुंद काच खालच्या पृष्ठभागावर झाकण घातल्यासारखी बसते. म्हणून जितकं निमुळतं तितकं बरं, फक्त काच फुटणार नाही इतपत जाडी हवी.

घासून झाल्यावर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात उणे ०.२ ते अधिक १.२ व्होल्टदरम्यान विभव, म्हणजे व्होल्टेज, वर-खाली फिरवत राहायचं. लागोपाठच्या फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर बसू लागले आणि हायड्रोजनची शिखरं स्पष्ट दिसली की पृष्ठभाग स्वच्छ झाला. मग फेरोसीन मेथॅनॉलमध्ये तपासायचं. आलेख लांबट ‘एस’ आकाराचा आणि वरची सपाटी ३.४ नॅनोअँपिअरच्या आसपास हवी. धारा बरीच जास्त असेल किंवा जाता-येताच्या दोन रेषांत फट असेल, तर काच आणि तारेत भेग आहे. असा इलेक्ट्रोड पुन्हा घासावा नाहीतर टाकून द्यावा. भेग असलेल्या टोकावर विकर लावून काहीही सुधारत नाही.

विकराच्या आधी एक पातळ राखणदार पटल चढवायचं असतं. अधिक ०.६५ व्होल्टला प्लॅटिनम केवळ पेरॉक्साइडवर थांबत नाही. अॅस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, डोपामिन, पॅरासिटामॉल, सगळ्यांचं ऑक्सिडीकरण करतं. हे थोपवायला फिनिलीनडायामीनचं पटल उत्तम. ऑर्थो किंवा मेटा फिनिलीनडायामीनचं ताजं १०० मिलीमोलर द्रावण फॉस्फेट बफरमध्ये करायचं, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढायचा आणि टोक अधिक ०.७ व्होल्टवर २० मिनिटं धरायचं. पटल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे जिथं ते बसलं तिथली वाढ आपोआप थांबते आणि थर काही दशक नॅनोमीटरच्या पुढं जात नाही. त्यातून पेरॉक्साइडसारखा लहान रेणू निसटतो, अॅस्कॉर्बेट अडतं. द्रावण तपकिरी झालं असेल तर वापरू नये, कारण ते आधीच ऑक्सिडाइज झालेलं असतं आणि पटल भोकांचं बसतं. हा पदार्थ विषारी आहे, हातमोजे लागतातच.

आता विकर. सुरुवातीला घ्यायला हे प्रमाण ठीक आहे: १०० मायक्रोलिटर फॉस्फेट बफरमध्ये ५ मिलिग्रॅम ग्लुकोज ऑक्सिडेज, ५ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन), थर वाळून तडकू नये म्हणून एक टक्का ग्लिसरॉल, आणि अगदी शेवटी ग्लुटराल्डिहाइड, मिश्रणात ०.५ टक्का होईल इतकं. ग्लुटराल्डिहाइड प्रथिनांच्या अमिनो गटांना एकमेकांत बांधून जाळं करतं. इथं ट्रिस बफर वापरणं ही नेहमी होणारी चूक. ट्रिसलाच अमिनो गट असतो, तोच ग्लुटराल्डिहाइड खाऊन टाकतो आणि थर कधी घट्ट होतच नाही. मग पहिल्या धुण्यात विकर वाहून जातं आणि दोष विकराच्या बाटलीला दिला जातो. उलट ग्लुटराल्डिहाइड जास्त पडलं तर जाळं घट्ट होतं, पण विकर मरतं. ग्लुटामेट ऑक्सिडेजसारखी नाजूक विकरं याला सोसत नाहीत. त्यांच्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल डायग्लिसिडिल ईथर हा सौम्य बांधणारा वापरतात आणि थर ५५ अंशांवर दोन तास पक्का करतात.

मिश्रण ढवळल्यावर हातात थोडीच मिनिटं असतात, नंतर ते जेलीसारखं होतं. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पिपेटच्या टोकाला लहानसा थेंब लोंबता धरायचा आणि इलेक्ट्रोड मॅनिप्युलेटरनं बाजूनं हळू आणून त्यात दोन-तीनदा बुडवायचा. काचेला थेंबाचा स्पर्श होताच तो पृष्ठताणानं वर सरकतो. टोक ओढून घेताना एक पातळ धागा क्षणभर ताणला जातो आणि तुटतो, आणि चकतीवर घुमटासारखी टोपी उरते. ही टोपी बाजूनं पाहून मोजून ठेवायची. १० ते २० मायक्रॉन चांगली. तिची जाडी दोन ठिकाणी आडवी येते: धातू पृष्ठभागाच्या तेवढ्या अंतराच्या आत कधीच जाणार नाही, आणि रेणूंना तेवढा थर पार करायला वेळ लागणार. जाळ्यात विसरण पाण्याच्या पाचव्या हिश्श्यावर आलं असं धरलं, तर २० मायक्रॉनच्या थराला दीड सेकंद आणि ४० मायक्रॉनच्या थराला सहा सेकंद लागतात. जाड थरानं सिग्नल मोठा होईल असं वाटतं, पण तो होतो थोडाच, आणि इलेक्ट्रोड सुस्त होतो. थर घासून निघण्याची भीती असेल तिथं तार आधी काचेच्या आत काही मायक्रॉन कोरून घेतात आणि तो खड्डा विकरानं भरतात. असं टोक टेकलं तरी विकर शाबूत राहतं.

तासभर वाळवून बफरनं स्वच्छ धुवायचं, मग बफरमध्येच विभव लावून सोडून द्यायचं. सुरुवातीला मूळ धारा बरीच वर असते आणि अर्धा-एक तास घसरत राहते. ती सपाट होण्याआधी मोजमाप सुरू केलं, तर ती घसरण ग्लुकोजच्या आलेखात जाऊन बसते.

मापांकन

मापांकन म्हणजे किती ग्लुकोजला किती धारा येते हे माहितीच्या द्रावणांत आधी ठरवून घेणं. त्यासाठी ग्लुकोजचं साठ्याचं द्रावण आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवायचं. हे कर्मकांड नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त बीटा रूप ओळखतं. बाटलीतली भुकटी मात्र बहुधा अल्फा रूपातली असते आणि पाण्यात विरघळल्यावर ती हळूहळू ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा अशा समतोलाला येते. ताज्या द्रावणानं मापांकन केलं तर इलेक्ट्रोड कमजोर दिसतो, आणि तासाभरानं त्याच बाटलीतून घेतलं की अचानक सुधारलेला वाटतो.

मग मोजमाप होणार त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला, टप्प्याटप्प्यानं ग्लुकोज घालत धारा टिपायची. आधी रेषा सरळ चढते, पुढं वाकते. सरळ भागातच काम करावं. प्रयोग संपल्यावर तेच मापांकन पुन्हा करायचं, कारण विकर दिवसभरात थकतं आणि पेशींच्या द्रावणातली प्रथिनं टोकावर साचतात. आधीच्या आणि नंतरच्या उतारात दहा टक्के फरक असेल तर वेळेनुसार दुरुस्ती करता येते. निम्मा उतार गेला असेल तर त्या दिवसाचे आकडे वापरू नयेत.

अंतर कसं कळणार

पृष्ठभागाजवळच्या मोजमापात सगळ्यात जास्त चुका अंतराच्याच असतात. नुसत्या इलेक्ट्रोडला अंतर कळतं, आणि त्यावरच ॲलन बार्ड यांनी १९८९ मध्ये मांडलेली विद्युतरासायनिक स्कॅनिंग सूक्ष्मदर्शी उभी आहे. टोक काचेसारख्या वीज न वाहणाऱ्या पृष्ठभागाकडे नेलं, की रेणूंची वाट अडते आणि धारा पडते. काचेची त्रिज्या तारेच्या दहापट असेल, तर चकतीच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर धारा मूळच्या सुमारे ५४ टक्के उरते आणि त्याच्या निम्म्या अंतरावर ३० टक्के. वीजवाहक पृष्ठभागाकडे नेलं तर उलटं होतं. टोकावर ऑक्सिडाइज झालेला रेणू पृष्ठभागावर पूर्ववत होऊन परत येतो, आणि चकतीच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर धारा दीडपटीच्या थोडी वर जाते. या वक्राशी जुळवून अंतर मायक्रॉनच्या अंशापर्यंत काढता येतं.

विकर लावलेल्या टोकाला हे सरळ जमत नाही. जवळ जाताना वाट अडल्यामुळे धारा पडते आणि पृष्ठभाग ग्लुकोज खात असला तरीही पडते. दोन्हींतला फरक त्या एका रेषेत दिसत नाही. मग अंतरासाठी द्रावणात फेरोसीन मेथॅनॉल घालावं असं सुचतं, पण त्याचं ऑक्सिडाइज झालेलं रूप ग्लुकोज ऑक्सिडेजकडून थेट इलेक्ट्रॉन घेतं. ग्लुकोज असेल तर अंतराचा सिग्नलच ग्लुकोजवर हलू लागतो.

यातून सुटण्याचा चांगला मार्ग म्हणजे दोन कप्प्यांची नळी. तिच्या आत मधोमध काचेची भिंत असते. एका कप्प्यात विकर लावलेला इलेक्ट्रोड, दुसऱ्यात उघडा. उघड्यावर द्रावणातल्याच ऑक्सिजनचं क्षपण (त्याला इलेक्ट्रॉन देणं, ऑक्सिडीकरणाच्या उलट) करत खाली जायचं, धारा किती पडली यावरून अंतर ठरवायचं, मग तो बंद करायचा आणि विकराचा चालू करायचा. मध्ये निदान मिनिटभर थांबणं आवश्यक आहे, कारण उघड्या टोकानं खाल्लेला ऑक्सिजन विकरालाही लागतो आणि तो भरून यावा लागतो. पेशींचा थर असेल तर तोही ऑक्सिजन खातो, म्हणून हे अंतर आधी शेजारच्या मोकळ्या काचेवर ठरवून मग थराकडे सरकावं. दुसरा मार्ग टोक आडवं काही नॅनोमीटर थरथरवण्याचा. पृष्ठभाग जवळ आला की थरथर मंदावते. त्याला रसायनाची गरज नसते, पण टोक लवचिक लागतं आणि साधन महाग पडतं.

चकचकीत पृष्ठभागावर एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. मायक्रोस्कोप आडवा लावून टोकाकडे बाजूनं पाहायचं. खालच्या काचेत टोकाचं प्रतिबिंब दिसतं, जणू दुसरी सुई खालून वर येतेय. दोघांमधली फट टोकाच्या खऱ्या उंचीच्या दुप्पट असते. १०० मायक्रॉनची फट दिसली तर टोक ५० मायक्रॉनवर आहे. दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकताना फट दुप्पट वेगानं मिटते, त्यामुळे टेकण्याआधी हात थांबवायला इशारा मिळतो. मऊ पेशींच्या थरावर टोक टेकवून शून्य ठरवू नये. थर घासला जातो आणि टोकावर चिकट पदार्थ बसतो. शेजारच्या मोकळ्या काचेवर शून्य ठरवून थराची जाडी वजा करणं जास्त बरं.

ऑक्सिजनचा फसवा हिस्सा

हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन असतो सुमारे ०.२६ मिलीमोलर. रक्तात ग्लुकोज असतं ५ मिलीमोलरच्या आसपास. विकराला दोन्ही एकास एक लागतात. म्हणजे जास्त ग्लुकोजमध्ये विकर ऑक्सिजनसाठी अडून बसतं आणि धारा ग्लुकोजऐवजी ऑक्सिजन सांगू लागते.

पृष्ठभागाजवळ हे जास्त धोक्याचं होतं. पेशी ग्लुकोज खातात आणि श्वासही घेतात. थराजवळ जावं तसा ऑक्सिजन उतरतो, त्यानं धारा पडते, आणि ती घसरण ग्लुकोजच्या अपेक्षित घसरणीसारखीच दिसते. दोन्ही एकाच दिशेच्या असल्यानं आकडा चुकला तरी आलेख पटण्यासारखा येतो.

उपाय तीन, आणि त्यांतले निदान दोन वापरावेत. विकराच्या बाहेर पॉलियुरेथेनचं पातळ पटल चढवलं तर ग्लुकोज आत येताना जास्त अडतं, ऑक्सिजन कमी, आणि आत ऑक्सिजन पुरून उरतो. प्रतिसाद थोडा मंदावतो, ही त्याची किंमत. दुसरा, त्याच जागी ऑक्सिजनचा छेद, म्हणजे उंचीगणिक घेतलेल्या मापांची रेषा, वेगळ्या इलेक्ट्रोडनं घ्यायचा आणि मापांकन नायट्रोजन मिसळून तीन-चार ऑक्सिजन पातळ्यांवर करून ठेवायचं. तिसरा, ऑक्सिजन लागतच नाही असं विकर घ्यायचं, उदाहरणार्थ एफएडी या सहायक रेणूवर चालणारं ग्लुकोज डिहायड्रोजनेज. त्यातले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत न्यायला ॲडम हेलर यांनी विकसित केलेल्या ऑस्मियमयुक्त बहुवारिकासारखी (पॉलिमरसारखी) ‘वायरिंग’ लागते. ती कमी विभवाला चालते, त्यामुळे अॅस्कॉर्बेटसारख्यांचा त्रासही घटतो. पेरॉक्साइडच्याच मार्गानं जायचं असेल, तर प्लॅटिनमऐवजी प्रशियन ब्लू या लोहयुक्त निळ्या रंगद्रव्याचा थर शून्य व्होल्टच्या आसपास पेरॉक्साइडचं क्षपण करतो. पण उदासीन पीएचच्या वर तो विरघळू लागतो, हे विसरून चालत नाही.

राहिलेल्या घुसखोरांसाठी जुळा इलेक्ट्रोड ठेवावा: तसंच प्लॅटिनम, तसंच पटल, तसाच अल्ब्युमिनचा थर, फक्त विकर नाही. त्यावर जे दिसेल ते ग्लुकोज नव्हे. या जुळ्याशिवाय केलेल्या मोजमापावर विश्वास ठेवायला आमची तयारी नसते.

प्रत्यक्ष छेद घेताना

टोक ५०० मायक्रॉन वरून सुरू करून खाली आणायचं. दूर असताना ५० मायक्रॉनच्या पावलांनी, शेवटच्या १०० मायक्रॉनात १० च्या. प्रत्येक पावलानंतर इलेक्ट्रोडच्या प्रतिसाद-वेळेच्या निदान तिप्पट थांबायचं. मग त्याच जागांवरून वर येताना पुन्हा मोजायचं. खाली जातानाची आणि वर येतानाची रेषा एकमेकींवर बसली नाही, तर टोक घाईनं हलतंय, किंवा पृष्ठभागाला लागून खराब झालंय.

आडवं स्कॅन करताना पृष्ठभागाचा कल तपासावा. एका अंशाचा कल एक मिलिमीटरच्या प्रवासात १७ मायक्रॉनचा फरक पाडतो. १२ मायक्रॉन उंचीवर चाललेलं टोक अर्ध्या वाटेच्या थोडं पुढं गेलं की घासलं जातं. म्हणून तीन कोपऱ्यांवर उंची मोजून बैठक आधी समतल करावी.

टोक स्वतःही ग्लुकोज खातं, हेही हिशेबात घ्यायला हवं. पोचलेला प्रत्येक रेणू खाणाऱ्या चकतीसमोर, तिच्या त्रिज्येच्या दहापट अंतरावरही संहती सुमारे ६ टक्क्यांनी कमी झालेली असते. विकराचं टोक इतकं अधाशी नसतं, पण जवळ गेल्यावर त्याची सावली पडतेच. द्रावणात ढवळणं, पंख्याचा वारा, दिव्याची ऊब, यातलं काहीही प्रवाह उठवून उतार मोडतं. झाकण ठेवावं आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबावं. नॅनोअँपिअर आणि त्याहून लहान धारांत विजेच्या मुख्य लाइनची गुणगुण ५० हर्ट्झला उमटते, म्हणून सगळी मांडणी धातूच्या जाळीच्या पेटीत आणि ती जमिनीशी एकाच ठिकाणी जोडलेली असावी.

छेद हाती आला की त्यातून पृष्ठभाग किती खातोय हे काढता येतं. समजा २०० मायक्रॉनात ग्लुकोज ०.४ मिलीमोलरनं, सरळ रेषेत, उतरलं. उतार गुणिले विसरण गुणांक केलं की दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ०.१३ नॅनोमोल येतं, तासाला जवळजवळ अर्धा मायक्रोमोल. रेषा सरळ असेल तरच हे गणित लागू. वाकडी असेल तर प्रवाह आहे, किंवा स्थिती अजून बदलते आहे.

हा आकडा लिहून ठेवण्याआधी तोच छेद, त्याच टोकानं, त्याच पावलांनी, न खाणाऱ्या पृष्ठभागावर घ्यायचा: मोकळी काच, किंवा त्याहून बरं म्हणजे मारून टाकलेल्या पेशींचा तसाच थर. तिथंही शेवटच्या ३०-४० मायक्रॉनात धारा खाली वळलेली दिसेल. ती टोकाची स्वतःची सावली. जिवंत थरावरची प्रत्येक धारा त्याच उंचीवरच्या मृत थरावरच्या धारेच्या प्रमाणात वाचायची, आणि उतार त्यानंतर काढायचा.